बाटलीभाऊ

गोदा आणि शिदा एकाच बाटलीतले.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. तिथे दर पंधरवड्याला गौशे नावाच्या आजाराच्या मुलांना सलाइनमधून औषध चढवतात. औषधाची बाटली एकाच मापाची येते, मुलं मात्र वेगवेगळ्या मापांची. वजनाप्रमाणे औषध द्यायचं आणि बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची, हा नियम. लहान मुलाला अर्धी बाटलीही पुरते. म्हणून प्रणाली सिस्टरांनी स्वतःची एक रीत बसवली होती. वजनं बघून मुलांच्या जोड्या लावायच्या, जोडीला एकच दिवस आणि शेजारशेजारचे पलंग द्यायचे. स्थळं जुळवावीत तशा त्या जोड्या जुळवायच्या. "ह्याची तब्येत सुधारली बघा, आता ही मुलगी ह्याला चालायची नाही," असं त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या की आम्ही आया हसायचो. त्या खोलीत हसायला तेवढंच असायचं.

जोडीदाराला बाटलीभाऊ, बाटलीबहीण म्हणायची टूम मुलांनीच काढली. माझ्या गोदाचा बाटलीभाऊ म्हणजे शिदा, अनुष्का कोळेकरचा मुलगा. राखी बांधताना गोदा आधी बघून घ्यायची की सुई कुठल्या हाताला आहे, आणि दुसऱ्या हाताला बांधायची.

गौशे म्हणजे काय, हे मी नातेवाइकांना समजावते ते घंटागाडीच्या भाषेत. आपल्या प्रत्येक पेशीत जुना केर उचलणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. गोदाच्या आणि शिदाच्या पेशींत ते नीट तयार होत नाही. गल्लीत घंटागाडीच आली नाही तर काय होईल, तसं. मेलेल्या पेशींतली चरबी साठत जाते. आधी प्लीहेत, मग यकृतात, मग हाडांच्या पोकळीत. पोट फुगतं, हाडं ठणकतात, जरा कुठे आपटलं की काळंनिळं होतं. बाहेरून विकर चढवत राहिलं तर केर उचलला जातो आणि मूल शाळेत जातं, भांडतं, गृहपाठ चुकवतं. हे विकर आता आपल्याकडेच गाजराच्या पेशींतून काढतात, मोठमोठ्या पिंपांत त्या पेशी वाढवून. गोदा त्याला गाजरपाणी म्हणते. पूर्वीपेक्षा ते खूप स्वस्त झालंय, पण एखाद्या घराला परवडेल इतकं कधीच झालं नाही. सोहम, माझा नवरा, द्राक्षबागांवर फवारणीचे ड्रोन चालवतो. द्राक्षाचं अख्खं वर्ष चांगलं गेलं तरी त्यात गोदाच्या औषधाचा एक हंगाम निघणार नाही.

औषध लागू पडतंय की नाही, ते मला रिपोर्टाआधी कळतं. परकराच्या नाडीवरून. औषध सुरू झालं तेव्हा गोदाची नाडी जेमतेम बांधता यायची, टोकं उरायचीच नाहीत. मग हळूहळू टोकं लांब झाली. आता ती त्यांची ऐटीत फुलगाठ मारते.

*

मी कॉलेजात असताना गावोगावच्या आरोग्य केंद्रांत 'दर्पण' आलं. डब्याएवढं यंत्र. गरोदर बाईच्या रक्तात तिच्या बाळाच्या डीएनएचे तुकडे तरंगत असतात. आईच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, दर्पण ते तुकडे वेचून जुळवतं, माहीत असलेल्या आजारांशी ताडून बघतं आणि दिवा लावतं. हिरवा किंवा लाल. तिसरा दिवा त्याला नाही.

बघता बघता आमच्याकडे रीतच पडली, की हिरवा दिवा लागल्याशिवाय डोहाळजेवण करायचं नाही. माझ्या सासूबाईंनी माझं डोहाळजेवण थाटात केलं. हिरवी साडी, हिरवा चुडा, आणि ओटीत नारळाशेजारी दर्पणची हिरवी चिठ्ठी. बायकांनी तिलाही हळदकुंकू लावलं.

दर्पण चुकलं होतं. गौशेच्या जनुकाशेजारीच त्याची एक जुळी, निकामी प्रत असते. अक्षरन् अक्षर जवळजवळ सारखं. यंत्राला दोघींतली कोण कुठली ते कळलं नाही. तुकडे जुळवताना त्यानं गोदाच्या जनुकातली चूक त्या निकामी प्रतीच्या खात्यात टाकली आणि हिरवा दिवा लावला. मागाहून यंत्रवाल्यांनी ते दुरुस्त केलं.

अनुष्काला लाल लागला होता. तिनं मामाच्या मुलाशी लग्न केलेलं, त्यांच्यात रीतच तशी. दोघांकडे एकाच आजोबांचं जनुक आलेलं. तिचं डोहाळजेवण झालं नाही. शेजारच्या बाया वाट बदलून जायच्या. पण ती दवाखान्यात आली आणि तिनं सरळ विचारलं, ह्याला औषध आहे का?

"आहे म्हणाले. फुकट देतो म्हणाले, जन्मभर," तिनं मला सांगितलं होतं. "भिंतीवर पाटीबी लावलेली. मग मी म्हटलं, औषध असल्यालं दुखणं ते, त्याच्यासाठी का म्हणून पाडायचं? कुणी सर्दीसाठी पाडतं व्हय?"

ती पाटी काढली, त्या जागी भिंतीवर अजून पांढरा चौकोन आहे.

*

गेल्या उन्हाळ्यात आरोग्य कवच मंडळाचा नवा नियम आला. आनुवंशिक आजारांचा पैसा आता फक्त 'अनपेक्षित' मुलांना. ज्यांच्या आईला दर्पणनं लाल दाखवला होता, त्यांचा जन्म 'टाळता येण्याजोगा'. टाळला नाही तर पुढचं आईबापांनी बघावं. तपासणी फुकट दिली होती ना, असा युक्तिवाद. बातम्यांत एक गृहस्थ शांतपणे सांगत होते की वाचलेला पैसा खऱ्या गरजूंना मिळेल. ऐकायला चुकीचं वाटत नव्हतं. मीही क्षणभर मान हलवली असेन.

नियम लागू झाल्यावरचा पहिला दिवस. सिस्टरांनी बाटली उघडली, गोदाच्या वजनाचं औषध मोजून काढलं आणि तिला लावलं. शिदा सवयीनं शेजारच्या पलंगावर चढून बाही वर करून बसला होता.

"उरलेलं?" अनुष्कानं विचारलं.

बाटलीच्या बुडाशी चकती असते. बाटली कुणाच्या नावावर उघडली, किती गेली, सगळं मंडळाला कळतं. उरलेलं यादीत नसलेल्या नावावर चढत नाही. सिस्टर बेसिनपाशी गेल्या, आमच्याकडे पाठ केली आणि बाटली उलटी धरली. मग बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

गोदा पलंगावरून बघत होती. "आई, शिदाचं का ओतलं?"

"झोप तू. सुई हलेल."

"पण ते त्याचं होतं."

अनुष्कानं शिदाची बाही खाली केली. तो खाली करू देईना, म्हणून जरा ओढूनच केली. जाताना ती दाराशी थांबली आणि मला म्हणाली, "तुझी हिरवी, माझा लाल. बाटलीला काय कळतंय त्यातलं?"

त्यानंतर आम्ही आया मिळून खूप फिरलो. आमदारांकडे गेलो, मंडळाच्या दारात बसलो, शाळांच्या दारात उभं राहून सह्या घेतल्या. लोक सह्या करताना विचारायचे, "तुमचं मूल कुठल्या दिव्याचं?" हिरवं म्हटलं की चेहरा मऊ व्हायचा. मग मी दिवा सांगायचंच सोडलं, तर सह्या कमी झाल्या.

शिदाचं पोट दिसायला लागलं होतं. शाळेत त्याला खेळात घेईनासे झाले.

*

मग आम्हा हिरव्यांची पाळी आली. 'अनपेक्षित' म्हणजे नक्की काय, याचा मंडळानं खुलासा केला. नुसतं यंत्र चुकलं होतं एवढ्यानं भागणार नाही. आईनं मंडळासमोर, मुलाला सोबत आणून, तोंडी सांगायचं की आधी कळलं असतं तर मी हा गर्भ ठेवला नसता. म्हणजे मग तो जन्म खरोखर टाळता आला असता आणि केवळ यंत्रामुळे राहून गेला, हे सिद्ध होतं. मूल सोबत का, तर ओळख पटवायला.

"एक वाक्य आहे, ईश्वरी," सोहम म्हणाला. ड्रोनची पाती पुसत ओट्यावर बसला होता. "म्हणायचं आणि यायचं."

"गोदासमोर?"

"तिला काय कळतंय? पाच-सहा वर्षांच्या पोरीला गर्भ म्हणजे काय ते माहीत आहे का?"

"पुढे कळेल. ते रेकॉर्ड करणार आहेत."

"पुढे कळायला ती पुढे पाहिजे ना!" त्यानं पातं खाली ठेवलं. "माझ्याकडे बघ. मी काय हौसेनं सांगतोय का?"

त्याचं काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग येत होता.

सासूबाई आत शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला बोलावून शेजारी बसवलं आणि पुढ्यात थोड्या शेंगा सारल्या. "माझी एक आत्या होती," त्या म्हणाल्या. "नकुसा नावाची. आमच्याकडे मुलीवर मुली झाल्या की ठेवायचे तसलं नाव. नकुसा म्हटलं की पुढचा मुलगा होतो, म्हणून. नावानं काही मेली नाही ती. चांगली म्हातारी होऊन गेली. तेव्हा शब्दाचं एवढं मनावर घेऊ नये. नको म्हणायचं आणि जपायचं. दैवाला फसवायचं असतं कधीकधी."

"त्यांना काही वाटायचं नाही?"

सासूबाईंनी शेंग फोडली, दाणे काढले. मग म्हणाल्या, "आपलं पान वाढलेलं आहे. दुसऱ्याच्या पानात बघत बसलं की आपलं कावळा नेतो."

अनुष्काला मी बाजारात गाठलं. ती शिदाला कडेवर घेऊन होती. एवढा मोठा मुलगा, पण त्याचे गुडघे दुखत होते.

"तू म्हण की," ती म्हणाली. "मी काय रुसत न्हाई. तुझी तरी वाचू दे."

"आणि तू?"

"माझं मी बघते." मग तिनं शिदाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि एकदम हसली. "एक सांगू? मला त्यांनी तसं विचारलंच न्हाई. मी लाल बघूनबी ठेवला, म्हणून मला विचारायचं कारणच न्हाई. तेवढं बरं झालं बघ. ह्याच्यासमोर तसलं म्हणायला लागलं न्हाई."

*

मंडळाच्या कचेरीत एसी इतका होता की गोदानं माझ्या पदरात हात घातले. टेबलापलीकडे देशमाने साहेब होते. सौम्य माणूस. त्यांनी गोदाला नाव विचारलं, गोळी दिली, आणि तिनं ती शिदासाठी मुठीत ठेवली तेव्हा आणखी एक दिली. सोहम माझ्या शेजारी बसला.

"ताई, यंत्र चुकलं होतं ते आमच्या नोंदीत आहेच," साहेब म्हणाले. "आता एकच प्रश्न विचारायचा आहे. दर्पणनं तेव्हा लाल दाखवला असता, तर तुम्ही हा गर्भ ठेवला असता का?" टेबलावरचा मायक्रोफोन सुरू होता. ते थोडे पुढे वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "नुसतं नाही म्हटलं तरी चालतं."

वाक्य माझं पाठ होतं. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना मी ते म्हणून बघितलं होतं. गोदा नाडीची फुलगाठ सोडून पुन्हा बांधत होती. तिला नुकतीच जमायला लागलेली, त्यामुळे जीभ बाहेर काढून.

"साहेब," मी म्हणाले, "त्या दिवशीची मी घाबरट होते. लाल लागला असता तर काय केलं असतं, खरंच सांगता येत नाही. ती बाई हिला ओळखत नव्हती. पण तुम्ही त्या बाईला विचारत नाही आहात. मला विचारताय. हिला मांडीवर घेऊन बसलेल्या मला."

"म्हणजे उत्तर काय लिहू?"

"ठेवला असता."

सोहमचा हात माझ्या कोपराशी आला. साहेबांनी मायक्रोफोनवर तळवा ठेवला. "ताई, मी हे बंद करतो जरा. बाहेर जाऊन पाणी पिऊन या. मी पुन्हा विचारीन."

मला त्यांचे आभार मानावेसे वाटले. इतक्या चांगुलपणानं मला वाईट गोष्ट करायला आजवर कुणी लावलं नव्हतं.

"पुन्हा विचारलंत तरी तेच सांगणार," मी म्हणाले. "आणि अनुष्का कोळेकरनं तेच केलंय. तिनं औषध आहे का विचारलं, दवाखान्यानं आहे म्हटलं. ती त्या शब्दावर विसंबली. आता तिचं मूल शाळेत जाऊ लागल्यावर तुम्ही शब्द काढून घेताय. टाळता येण्याजोगं असेल तर ते हे आहे."

साहेबांनी तळवा उचलला. माझं वाक्य आत गेलं की नाही, मला कळलं नाही.

घर आल्यावर, गोदा आत पळाल्यावर सोहम म्हणाला, "तिचं पोट फुगेल तेव्हा तुझं ते भाषण तिला ऐकव." त्या रागात जी भीती होती ती माझीच होती. मी जी गिळली ती तो बोलला, एवढंच.

सासूबाईंनी काय झालं ते विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलं होतं. ताट वाढताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नकुसाआत्या कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही कधी. तिथं नाव विचारतात ना."

*

बरोबरच्या काही आयांनी वाक्य म्हटलं. त्यांना मी दोष देत नाही. एकीनं मला फोन करून रडत सांगितलं, की मुलाचे कान दाबून धरले होते. दोघीतिघींनी म्हटलं नाही. आमचा अर्ज आता कोर्टात आहे, तारीख पडते, पुढची पडते. गोदाचं नाव 'स्थगित'मध्ये गेलं, आणि एकामागून एक पंधरवडे कोरडे गेले.

तरी एका ठरलेल्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. का नेलं, सांगता येणार नाही. सवय, किंवा कोडगेपणा. सोहमनं फाटकाशी सोडलं. "गाडीचं चार्जिंग कमी आहे," म्हणाला, पण तिथून हलला नाही.

सकाळी परकर नेसवताना मी नाडीकडे बघायचं टाळलं होतं. गोदानंच दाखवलं. "आई, आज फूल छोटं झालं."

वर अनुष्का आधीच आली होती, शिदाला घेऊन. आम्ही ठरवलं नव्हतं. गोदा तिच्या नेहमीच्या पलंगावर चढली, बाही वर केली, हात पुढे केला. शिदाही चढला. दोघं ओळीनं हात पुढे करून बसली. प्रणाली सिस्टर दुसऱ्या जोडीची बाटली घेऊन समोरून गेल्या, परत आल्या आणि आमच्यासमोर उभ्या राहिल्या. हातातलं काम त्यांना सुचेना.

"आज नाही ग बाळा," त्या म्हणाल्या.

गोदानं विचार केला. "आज आमच्या दोघांचंपण ओतलं का?"

"नाही. आज तुमची बाटली उघडलीच नाही."

"मग कुठाय?"

सिस्टरांनी नकळत फ्रिजकडे बघितलं.

"आतमध्ये आहे?"

"आहे."

"मग मागू या की," गोदा म्हणाली. आणि शिदाकडे वळून, "चल, खाली तो साहेब बसतो ना, त्याला मागू."

शिदाला जिने उतरवत नव्हते, म्हणून अनुष्कानं त्याला उचललं. मी गोदाचा हात धरला. आमच्या मागे आणखी एक आई निघाली, तिच्या मुलाचं सलाइन अजून लागायचं होतं तरी. खाली दवाखान्याच्या अधीक्षकांच्या दारासमोर आम्ही फरशीवर बसलो. शिपायानं साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हटलं. थांबतो म्हटलं. थोड्या वेळानं जिन्याशी सोहम दिसला. तो जवळ आला नाही, पण गेलाही नाही.

फरशी गार होती, आणि पंख्याचा वारा थेट अंगावर येत होता. मी गोदाची बाही खाली करायला गेले. तिनं माझा हात बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली. "बोलावलं की लगेच लावता येईल."